म्बारेच्या बाकावरच्या आज्या: हरारेतल्या ‘फ्रेंडशिप बेंच’चा प्रकरण अभ्यास

2005 च्या मे महिन्यात झिम्बाब्वेच्या सरकारने शहरांतली ‘बेकायदा’ घरं आणि टपऱ्या पाडायला सुरुवात केली. मोहिमेचं नाव ऑपरेशन मुरांबात्स्विना. शोना भाषेत याचा अर्थ साधारण ‘घाण हटाव’. संयुक्त राष्ट्रांच्या त्या वर्षीच्या अहवालाप्रमाणे सुमारे 7 लाख लोकांचं घर, रोजगार किंवा दोन्ही गेलं. राजधानी हरारेतली म्बारे ही काळ्या कष्टकऱ्यांची सर्वांत जुनी वस्ती. गोऱ्या राजवटीने ती शहराच्या कडेला वसवली, आणि तिथली दाटी पुढे कधी कमी झाली नाही. मोठा भाजीबाजार, बसतळ, एकेका खोलीत दाटीवाटीने राहणारी कुटुंबं. या वस्तीला तो घाव खोलवर बसला.

त्यानंतर वस्तीतल्या सरकारी दवाखान्यांत बाया येत त्या डोकेदुखी घेऊन. झोप लागत नाही, पोटात कालवतं, छातीत धडधडतं. नर्स गोळी देई आणि रांग पुढे सरके. मनाच्या आजाराचा डॉक्टर गाठायचा तर सव्वा कोटीच्या आसपास लोकसंख्येच्या देशात असे डॉक्टर डझनभर होते. डिक्सन चिबांडा त्यांतले एक. 2005 मध्ये त्यांची एक तरुण रुग्ण आत्महत्येने गेली. तिला पुन्हा त्यांच्याकडे आणायचं ठरलं होतं, पण हरारेपर्यंतचं बसभाडं, 15 डॉलर, घरात नव्हतं. चिबांडांनी ही गोष्ट पुढे अनेकदा जाहीरपणे सांगितली आहे. डॉक्टर होता, औषध होतं, रुग्णाच्या घरच्यांची यायची इच्छाही होती. अडलं ते बसच्या तिकिटावर.

म्बारेत काहीतरी सुरू करावं म्हणून त्यांनी विचारणा केली. उत्तर मिळालं: पैसे नाहीत, नर्स मोकळ्या नाहीत, इमारतीत खोली नाही. देता येतील त्या वस्तीतल्या 14 आज्या आणि दवाखान्याबाहेरचं अंगण. अंगणात एक बाक टाकायचा आणि मन जड झालेल्या माणसाशेजारी आजीने त्यावर बसून बोलायचं, हे काम 2006 मध्ये सुरू झालं ते एवढ्यावर.

आज्या आधीपासून कामावर होत्या

या प्रकरणाची ओळख करून देताना ‘प्रेमळ आज्या लोकांचं ऐकतात आणि लोक बरे होतात’ असं सांगण्याचा मोह होतो. त्याने चित्र फार गोड होतं आणि ज्याला हे काम आपल्याकडे उभं करायचं आहे त्याची दिशाभूल होते.

या बायका रस्त्यावरून गोळा केलेल्या नव्हत्या. शहराच्या आरोग्य विभागाच्या त्या आरोग्य-सेविका. दारोदार जाऊन लसीकरण, पाणी, क्षय, एचआयव्ही यांवर बोलणाऱ्या, थोडं मानधन मिळणाऱ्या. वस्तीत त्यांना ‘अंबुया उतानो’ म्हणतात, म्हणजे आरोग्याच्या आज्या. पन्नाशी-साठीच्या, शाळा अर्धवट सुटलेल्या, पण कोणत्या गल्लीत कोण नव्याने राहायला आलंय आणि कोणाच्या घरी चूल पेटली नाही हे त्यांना माहीत. वय हे तिथे पदासारखं चालतं. तरणी नर्स जे विचारू शकत नाही ते अंबुया सहज विचारते, आणि समोरची बाई उत्तर देते. शिवाय आज्या वस्ती सोडून जात नाहीत. तरुण कार्यकर्ता शिकवावा आणि त्याने सहा महिन्यांत दुसरी नोकरी धरावी, हा धोका इथे कमी.

म्हणजे बाक नवा होता. त्याच्या मागची व्यवस्था, नोंदवही, केंद्राची नर्स आणि वरिष्ठांकडे पाठवण्याची वाट आधीची होती.

नावात चूक झाली होती

सुरुवातीला बाकाला ‘मानसिक आरोग्याचा बाक’ म्हटलं गेलं. कोणी बसायला येईना. भर अंगणात, ओळखीपाळखीच्या रांगेसमोर त्या बाकावर बसणं म्हणजे आपलं डोकं फिरलंय असं जाहीर करणं. आज्यांनीच हे नाव बदलायला लावलं. शोनात तो झाला ‘चिगारो चेकुपानामाझानो’. चिगारो म्हणजे बसायची जागा आणि कुपानामाझानो म्हणजे एकमेकांना विचार देणं-घेणं, मसलत करणं. इंग्रजीत ‘फ्रेंडशिप बेंच’.

आज्यांनी डॉक्टरांची भाषाही दुरुस्त केली. ‘डिप्रेशन’ला शोनात नेमका शब्द नाही. लोक म्हणतात ‘कुफुंगिसिसा’. कुफुंगा म्हणजे विचार करणं. त्याला जोर देणारा प्रत्यय लागला की अति विचार, डोक्यात सतत दळण चालू राहणं. हा शब्द अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेच्या 2013 च्या आवृत्तीत परिशिष्टात घेतलेला आहे. मराठी वाचकाला तो समजावून सांगावा लागत नाही. ‘विचार करून करून डोकं पिकलं’, ‘जिवाला घोर लागलाय’ हे आपल्या बाया रोज म्हणतात. कुफुंगिसिसाची गंमत अशी की तो एकाच वेळी दुखण्याचं नाव आहे आणि दुखण्याचं कारणही. त्यामुळे ‘तुम्हाला आजार आहे’ हे आधी पटवण्यात वेळ जात नाही.

चौदा प्रश्न

बाकावर बसण्याआधी चाचणी होते. तिचं नाव शोना लक्षण प्रश्नावली. ती हरारेत 1990 च्या दशकात विक्रम पटेल यांनी तयार केली. मुंबईत जन्मलेले हेच पटेल पुढे गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक झाले. प्रश्नावली करताना त्यांनी परदेशी यादीचं भाषांतर न करता तिथल्या रुग्णांचं आणि पारंपरिक वैद्यांचं बोलणं पायाला घेतलं.

प्रश्न गेल्या आठवड्याबद्दल असतात, उत्तर हो किंवा नाही. फार विचार करत बसलात का? लक्ष लागेनासं झालं का? क्षुल्लक गोष्टींवरून चिडलात का? वाईट स्वप्नं पडली का? इतरांना दिसत-ऐकू येत नाही असं काही दिसलं-ऐकू आलं का? पोट दुखलं का? बारीकसारीक गोष्टींनी दचकलात का? झोप गेली का? आयुष्य इतकं जड झालं की रडू आलं किंवा रडावंसं वाटलं? गळून गेल्यासारखं वाटलं? जीव द्यावासा वाटला? एकंदर उदास होतात? काम मागे पडत होतं? काय करावं हे ठरवणं अवघड गेलं?

लेखी वाचता न येणाऱ्या बाईलाही हे तोंडी विचारता येतं आणि दहा मिनिटांत आटपतं. पुढे झालेल्या मोठ्या चाचणीत 9 किंवा जास्त ‘हो’ असतील तर बाकावर घ्यायचं असं ठरलं होतं.

दोन प्रश्न मात्र बेरजेत हरवू द्यायचे नाहीत: इतरांना न दिसणारं दिसण्याचा आणि जीव द्यावासा वाटण्याचा. बाकीच्या सगळ्यांना ‘नाही’ असलं तरी या दोहोंपैकी एकाला ‘हो’ आलं की आजी तिथे थांबते आणि पुढचं विचारते. असा विचार आला आहे की कसं करायचं हेही ठरलं आहे? पूर्वी कधी प्रयत्न केला होता? आत्ता घरी सोबत कोण आहे? ठरलेलं दिसलं तर त्या बाईला एकटं सोडायचं नाही, पर्यवेक्षकाला तिथूनच फोन लावायचा, आणि बाकावरचं काम थांबवून तिला वर पाठवायचं. असं विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जातो ही भीती नव्या आजीला हमखास असते. प्रशिक्षणात ती काढावी लागते, कारण भीतीपोटी प्रश्न गाळला जातो आणि तोच नेमका गाळायचा नसतो. (आपल्याकडे अशा वेळी सरकारी टेलि-मानसची 14416 ही लाइन आहे.)

बाकावर नेमकं काय होतं

पद्धत आहे प्रश्न सोडवण्याची उपचारपद्धती. सहा बैठका. पहिली लांबते, पुढच्या पाऊण तासाच्या आत. तिचे तीन टप्पे आज्यांच्या शब्दांत असे: कुव्हुरा प्फुंग्वा, मन उघडणं, कुसिमुद्झिरा, उचलून धरणं, कुसिंबिसा, बळकट करणं.

टप्पे कसे चालतात ते एका कल्पित उदाहरणावरून दिसेल. समजा चौतीस वर्षांची बाई. म्बारेच्या बाजारात टोमॅटो विकते. डोकेदुखीसाठी आली, प्रश्नावलीत 11 आले. एचआयव्हीच्या गोळ्या तीन महिन्यांपूर्वी सुरू झाल्या, नवऱ्याला सांगितलेलं नाही. खोलीचं दोन महिन्यांचं भाडं थकलंय. मोठ्या मुलीला फी भरली नाही म्हणून शाळेतून घरी पाठवलंय. दीर दारू पिऊन येतो आणि बडबड करतो.

मन उघडणं म्हणजे हे सगळं बाहेर येऊ देणं. आजी शेजारी बसलेली असते, समोर नव्हे. डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, म्हणून गोळ्यांची गोष्ट बाहेर येते. आजी मध्ये तोडत नाही. शेवटी ती ऐकलेलं परत सांगते: “लेकी, तू मला चार गोष्टी सांगितल्यास. भाडं, मुलीची शाळा, गोळ्या आणि दीर. काही राहिलं का?” आणि मग: “यातलं आधी काय धरू या?”

इथे आजीची परीक्षा असते. तिच्या दृष्टीने सर्वांत निकडीचं काय हे उघड आहे: गोळ्या लपवून घेतल्या तर चुकणार, नवऱ्याचीही तपासणी व्हायला हवी. पण बाई म्हणते, “अंबुया, मुलीची शाळा.” तर शाळाच धरायची. कारण या सहा बैठकांत फक्त फी सुटावी एवढाच हेतू नाही. ‘माझ्या हातात काही आहे’ हे तिला एकदा अनुभवायला मिळालं पाहिजे. दुसऱ्याने निवडलेला प्रश्न सुटला तर ते श्रेय दुसऱ्याचं होतं. न सुटला तर तिच्या खात्यात आणखी एक हार. गोळ्यांचा विषय सहसा तिसऱ्या-चौथ्या बैठकीत ती स्वतःच पुढे काढते.

उचलून धरणं म्हणजे मार्ग मोजणं. मुख्याध्यापकांकडे हप्ते मागायचे. गरीब मुलांच्या फीसाठी सरकारची बीम नावाची योजना 2001 पासून आहे, तिच्या यादीत नाव घालता येतं का विचारायचं. मावशीकडे मागायचं. एक दिवस जास्तीचा माल घ्यायचा. शक्य तितके मार्ग आधी बाईकडून येऊ द्यायचे. योजनेची माहिती आजीने द्यायची, पण एक मार्ग म्हणून, हुकूम म्हणून नाही. मग प्रत्येकाचं बरं-वाईट बोलून एक निवडायचा आणि तो इतका बारीक करायचा की त्याला वार आणि वेळ लागेल. ‘शाळेत जाईन’ हे चालत नाही. ‘गुरुवारी सकाळी आठला, बाजारात जाण्याआधी, मुलीला सोबत घेऊन मुख्याध्यापकांना भेटेन आणि दोन हप्ते मागेन’ हे चालतं. कोणते शब्द वापरणार तेही बाकावर एकदा म्हणून बघायचं.

बळकट करणं पहिल्या बैठकीच्या शेवटापासून सुरू होतं. पुढची वेळ ठरते, आजी नोंद करते, नाही आली तर फोन जातो. दुसऱ्या बैठकीला आमच्या उदाहरणातली बाई येते आणि सांगते की मुख्याध्यापक भेटलेच नाहीत, परत गेले नाही. कच्च्या हाताची कार्यकर्ती इथे म्हणते, “असू दे, पुढच्या वेळी नक्की जा.” तयार आजी विचारते, “गेलीस तेव्हा काय झालं? दारापर्यंत गेलीस की आत?” कळतं की कारकुनाने ‘फी आणली का’ असं सगळ्यांसमोर विचारलं आणि ती लाजून वळली. म्हणजे अडचण मुख्याध्यापकांची नव्हती, दारातल्या कारकुनाची होती, आणि नवा बेत त्याच्यासाठी करायचा. फसलेला बेत अशी माहिती देतो जी पहिल्या बैठकीत कोणालाच नव्हती.

कुठे बिघडतं

सर्वांत जास्त बिघाड सल्ल्याने होतो. आजीपण आणि उपदेश यांची जन्मगाठ आहे. बाकाच्या नावातही मसलत आहेच. दोन मिनिटं ऐकलं की तोंडाशी येतं: नवऱ्याला सांगून टाक, प्रार्थना कर, माझ्या सुनेने असं केलं होतं. म्हणून आठ-नऊ दिवसांच्या प्रशिक्षणाचा मोठा भाग एकमेकींसोबत प्रसंग वठवण्यात जातो. तेवढ्याने भागत नाही. काही आठवड्यांत जुनी सवय परत येते, आणि नियमित देखरेख नसली तर बाक पुन्हा गावचा पार होतो.

दुसरा बिघाड प्रश्न फार मोठा धरण्याचा. ‘गरिबी’ हा बाकावर सुटणारा प्रश्न नाही. ‘शुक्रवारपर्यंत भाड्यातले दहा डॉलर’ हा आहे. यावर रास्त आक्षेप येतो: घरं बुलडोझरने पाडली आणि बाईला म्हणता बेत कर? आक्षेप खरा आहे. बाक घर परत देत नाही, आणि तसा आव कोणी आणू नये. पण उदासीनतेत पहिली जाते ती ठरवण्याची आणि हालचालीची ताकद, आणि ती गेली की हक्काची मदतसुद्धा मागायला माणूस उठत नाही.

तिसरा बिघाड ओळखीचा. आजी शेजारीण आहे म्हणून विश्वास, आणि शेजारीण आहे म्हणूनच धास्ती. बाकावरची एक गोष्ट नळावर ऐकू आली की महिनाभर बाक रिकामा. उपाय साधे आहेत: बाक नजरेस पडेल पण कानावर येणार नाही इतका लांब ठेवणं, नात्यातली रुग्ण दुसऱ्या आजीकडे देणं, वहीत पूर्ण नाव न लिहिणं.

आकडे

म्बारेतल्या पहिल्या पाहणीचा अहवाल 2011 मध्ये आला. 320 रुग्णांत प्रश्नावलीची सरासरी 3 ते 6 बैठकांनंतर 11.3 वरून 6.5 वर आली. पण तुलनेला दुसरा गट नव्हता. काळानेही माणूस सावरतो, ही शंका राहिली.

म्हणून हरारेतली 24 आरोग्य केंद्रं चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागली गेली आणि 573 जणांना घेतलं. निकाल डिसेंबर 2016 मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आला. तुलनेच्या गटालाही वाऱ्यावर सोडलं नव्हतं. नर्सची तपासणी, माहिती, गरज पडल्यास फ्लुओक्सेटीन या नैराश्यावरच्या औषधाच्या गोळ्या आणि वर पाठवण्याची सोय त्यांना होती. सहा महिन्यांनी त्या गटाची सरासरी 8.90 आणि बाकाच्या गटाची 3.81. नैराश्याची लक्षणं उरलेल्यांचं प्रमाण तुलनेच्या गटात 49.9 टक्के, बाकाच्या गटात 13.7 टक्के. सहभागींपैकी सुमारे 42 टक्के एचआयव्हीसह जगत होते. म्हणजे वरची टोमॅटोवाली कल्पित असली तरी अपवादातली नाही.

86 टक्के सहभागी बायका होत्या, आणि हा आकडा तितकाच नीट वाचायला हवा. दिवसा, दवाखान्याच्या अंगणात, आजीशेजारी बसणं म्हाताऱ्या आणि लेकुरवाळ्या बायकांच्या दिनक्रमात बसतं. पुरुष तिथे मुळात फारसे येत नाहीत, आणि आले तरी आजीसमोर नोकरी गेल्याचं सांगणं त्यांना लेकरासारखं वाटतं. त्यांच्यासाठी जागा, वेळ आणि शेजारी बसणारा माणूस, तिन्ही वेगळे लागतील.

बैठका संपल्यावर

सहा बैठकांनी दुखणं उतरतं, परिस्थिती तीच असते. म्हणून बाकावरून उठलेल्यांना गटात बोलावतात. नाव ‘कुबताना तोसे’, सगळ्यांनी हात धरणं. बायका गोल बसून टाकाऊ प्लॅस्टिकच्या पट्ट्यांपासून क्रोशाने पिशव्या विणतात. सुई चालू असते, नजर हातात असते, आणि बोलणं आपोआप होतं. पिशवी विकून चार पैसे येतात आणि ती हातात धरून बाजारात जाताना कोणाला सांगावं लागत नाही की ही कुठल्या गटात केली. पहिल्या बाकावरची लाज इथे बरीच गळून गेलेली असते.

गोवा, विदर्भ

हरारे ते गोवा ही वाट पटेलांच्या प्रश्नावलीपुरती नाही. गोव्यात ‘मानस’ नावाच्या चाचणीत 24 दवाखान्यांत तज्ज्ञ नसलेले, शिकवून तयार केलेले समुपदेशक बसवले. निकाल 2010 मध्ये आला: सरकारी केंद्रांत फरक स्पष्ट, खाजगी डॉक्टरांकडे मात्र ठळक फरक नाही. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ प्रकल्प झाला. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. तिथे बाक नव्हता, आज्याही नव्हत्या. गावातलेच शिकवलेले कार्यकर्ते, त्यांच्या डोक्यावर देखरेख, आणि कापसाच्या शेतकऱ्याला कळेल अशी भाषा होती.

आपल्याकडे कोणी असं काम काढायचं म्हटलं की पहिली चौकशी बाकाच्या लाकडाची आणि रंगाची होते. आशाताईंच्या आधीच भरलेल्या वहीत हे काम कोणत्या दिवशी बसेल, त्याचं मानधन कोणत्या खात्यातून येईल, चौदा प्रश्न वऱ्हाडीत, अहिराणीत, कोकणीत विचारले तर बायांना तेच कळतं का हे आधी तीस-चाळीस जणींसोबत तपासलं का, आणि अकराव्या प्रश्नाला ‘हो’ आलं तर दुपारी तीन वाजता कोणाचा फोन लागेल, हे कागदावर येईपर्यंत सुताराला बोलावू नये.